दोन बँडचा छोटा अँटेना: २.४ दर वेळी खाली का घसरतो?

लक्षण आधी सांगतो, कारण ते वाचूनच बऱ्याच जणांना आपापला बोर्ड आठवेल. वाय-फायच्या दोन्ही बँडसाठी एक अँटेना आखला, की सिम्युलेशनमध्ये एस११ च्या, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याच्या, आलेखात दोन छान डिप (खड्डे) असतात, एक २.४५ गिगाहर्ट्झला आणि दुसरा ५.५ ला. बोर्ड बनून येतो, कनेक्टर सोल्डर करून व्हीएनएला, म्हणजे हा आलेख मोजणाऱ्या यंत्राला, जोडला की पहिला डिप २.३३ ला सापडतो. ब्लेडने तांबं कापून तो वर आणावा, तर ५.५ चा जागेवरून हललेला. त्या मापांनी नवा बोर्ड मागवावा, टेबलावर सगळं जुळावं, प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये घालावा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, २.४ खालीच.

या चक्रात मी तीन वेळा बोर्ड बनवून घेतले आहेत. बोर्ड ५० बाय २५ मिमीचा, ०.८ मिमी जाडीचं एफआर-४, म्हणजे बोर्डाचं नेहमीचं काचतंतू-इपॉक्सी. एका आखूड बाजूला १० मिमीची पट्टी तांब्याशिवाय मोकळी, आणि तिच्यात उलट्या एफच्या आकाराचा अँटेना. एक फीड (जिथून सिग्नल आत येतो), ग्राउंडला जाणारा एक पाय आणि दोन हात, लांब हात २.४ साठी, आखूड हात ५ साठी. उरलेल्या ४० बाय २५ मिमीत ग्राउंड, मॉड्यूल, यूएसबी, बॅटरी. वाय-फायच्या कुठल्याही छोट्या सेन्सरमध्ये साधारण असाच मामला असतो.

दोन्ही बँडमध्ये किती जागा भरायची आहे, ते एकदा डोळ्यांसमोर असू द्या. खालचा बँड २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेतीन टक्के रुंदी. वरचा ५१५० पासून ५८७५ पर्यंत, म्हणजे तेरा टक्के. आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेनंतर ५ गिगाहर्ट्झचे हे तुकडे विनापरवाना खुले झाले. जुन्या प्रबंधांत '५.२ ला −३० डेसिबल' दाखवून विषय संपवलेला असतो, त्या टाचणीएवढ्या डिपचा आता उपयोग नाही. दोन्हींपैकी अवघड मात्र खालचाच बँड, कारण जागा त्यालाच कमी पडते. अँटेना तरंगलांबीच्या मानाने जितका छोटा, तितकी त्याची बँडविड्थ अरुंद. अँटेना-संशोधक व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि चू यांनी १९४८ मध्ये हे मांडलं, त्यातून कुणाचीच सुटका नाही. अरुंद बँडविड्थचा अँटेना जरा धक्का लागला की बँडबाहेर जातो. तेव्हा शोधायचं ते हे, की धक्का देतंय कोण.

ब्लेड खाली ठेवा, केबलला हात लावा

बोर्ड थर्माकोलच्या ठोकळ्यावर ठेवा. व्हीएनए चालू ठेवून केबल दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि बोटं बोर्डाकडून यंत्राकडे हळूहळू सरकवत न्या. आलेख हलला, तर तुम्ही अँटेना मोजत नाही आहात. तुम्ही अँटेना अधिक एक मीटर केबल मोजताय.

कारण साधं आहे. २.४५ ला तरंगलांबी १२२ मिमी, पाव तरंगलांबी ३०.६ मिमी. उलट्या एफचा हात हा अर्धाच अँटेना, उरलेलं अर्धं काम ग्राउंड करतं. आपलं ग्राउंड अवघं ४० मिमी, त्याला अजून थोडी लांबी हवीच असते. अशात तुम्ही केबलची बाहेरची तांब्याची जाळी त्याच ग्राउंडच्या टोकाला सोल्डर करता. करंट जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून निवांत चालत जातो, आणि केबल कशी पडली आहे त्यावर डिपची जागा ठरते. ५.५ ला तरंगलांबी ५४.५ मिमी आहे, तिच्या मानाने ४० मिमीचं ग्राउंड पुरेसं मोठं, त्यामुळे तिथे केबलची लुडबुड कमी. २.४ डोलतो आणि ५ जागेवर राहतो, हे दिसलं की संशय सरळ केबलवर घ्यायचा.

माझ्या पहिल्या बोर्डावर केबल अँटेनाच्या विरुद्ध टोकातून काढली होती, कारण सोल्डर करायला तिथे सोपं होतं. डिप २.३३ ला. केबल काटकोनात वळवली, २.३९. टेबलाच्या लोखंडी कडेजवळ नेली, आणखी वेगळं. मी मात्र २.३३ वर विश्वास ठेवून आधीच दीड मिमी तांबं कापून बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी.

इलाज असा. केबल ग्राउंडच्या टोकातून काढू नका. लांब कडेच्या मध्याच्या आसपास, कडेला काटकोनात काढा. टोकांना व्होल्टेज जास्त असतं, मध्याजवळ कमी. कमी व्होल्टेजच्या जागेवर जोडलेली तार फार काही ओढून घेत नाही. जाळी एका ठिपक्याने नको, पाच-सात मिमी लांब ग्राउंडवर पसरून सोल्डर करा. त्यानंतर जाळीवरचा हा करंट अडवायला केबलवर पाव तरंगलांबीची नळी चढवा. तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून केली तरी चालते, यंत्राकडचं तिचं टोक जाळीला सोल्डर केलेलं आणि अँटेनाकडचं टोक मोकळं. हवेत ती ३० मिमी भरेल, पण केबलचं बाहेरचं प्लॅस्टिक मध्ये आल्यामुळे प्रत्यक्षात आखूड लागते. थोडी लांब करून सुरुवात करा आणि बोटांची चाचणी निवळेपर्यंत कापत या. चिमट्याचे फेराइट मणी सगळे सुचवतात, पण बहुतेकांचा जोर एक गिगाहर्ट्झच्या आतच संपतो. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'आरएफचा फेराइट' मागितला की जे हातात पडतं ते बहुतेक वेळा मेगाहर्ट्झच्या कामाचं असतं.

एवढं केल्यावर माझा २.३३ वाला बोर्ड २.४१ ला आला. म्हणजे दोन तृतीयांश 'चूक' अँटेनात नव्हतीच.

यंत्राचीही परीक्षा घ्या

हा भाग छोटा आहे, पण संध्याकाळ खाऊन टाकणारा आहे.

तुमचा नॅनोव्हीएनए (हातात मावणारा व्हीएनए) नेमका कुठला आहे ते पाहा. पहिला छोटा प्रकार १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच जातो, तो या कामाला नाहीच. व्ही-टू ३ पर्यंत जातो, म्हणजे २.४ दिसेल आणि ५ बद्दल तुम्ही आंधळे. लाइटव्हीएनए ६.३ पर्यंत जातो आणि घरगुती कामाला पुरतो.

दुसरं, केबल-कनेक्टर. राउटरच्या अँटेनांवर येणारा उलट्या पोलॅरिटीचा एसएमए आणि साधा एसएमए एकमेकांत छान घट्ट बसतात, पण एका जोडीत दोन्हीकडे भोक येतं आणि मधली पिन कुठेच लागत नाही. आलेख सपाट शून्याजवळ दिसतो आणि माणूस सोल्डर तपासत बसतो. बोर्डावरचे चिमुकले यू.एफएल कनेक्टर तर सुमारे तीस वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात. ट्यूनिंग करताना तीसचा आकडा एका दुपारी ओलांडला जातो. त्यापेक्षा बारीक केबल थेट सोल्डर करा.

तिसरं, केबल किती खाते. १.१३ मिमीची बारीक केबल ५ गिगाहर्ट्झला मीटरमागे अंदाजे पाच डेसिबल खाते, आणि परावर्तित लहर तीच वाट दोनदा चालते. एक मीटर केबलच्या टोकाला काहीच जोडलं नाही तरी एस११ −१० दाखवेल. म्हणून कॅलिब्रेशननंतर अँटेना तोडून उघडं टोक मोजा. ते शून्याच्या जवळ नसेल, तर तुमच्या सुंदर डिपमध्ये केबलचा वाटा आहे.

चौथं, कॅलिब्रेशन एसएमएच्या तोंडाशी केलं आणि पुढे आठ सेंटीमीटरची केबल सोल्डर केली, तर डिपची जागा फारशी हलत नाही, पण स्मिथ चार्ट (इम्पिडन्स दाखवणारा गोल आलेख) गरगर फिरतो. त्या चार्टवरून मॅचिंगचे, म्हणजे अँटेना ५० ओहमशी जुळवणारे, भाग काढले तर उत्तर चूकच येणार. केबलचं टोक उघडं ठेवून विद्युत विलंब इतका भरा की सगळे ठिपके चार्टच्या उजव्या टोकाला गोळा होतील. आठ सेंटीमीटर टेफ्लॉन केबलला जाऊन-येऊन सुमारे ७६० पिकोसेकंद लागतात, तिथून सुरुवात करा.

एफआर-४ च्या नावाने खडे फोडण्याआधी

फ्रिक्वेन्सी सरकली की पहिली शिवी एफआर-४ ला जाते. त्याचा परमिटिव्हिटीचा (पदार्थ लहरीला किती आखूड करतो त्याचा) आकडा ४.२ ते ४.७ मध्ये कुठेही असतो, हे खरं. पॅच अँटेनासाठी (ग्राउंडच्या वरचा तांब्याचा सपाट तुकडा) ती शिवी योग्यच आहे. पॅचच्या खाली सगळं क्षेत्र त्या थरातच कोंडलेलं असतं, त्यामुळे आकडा ४.४ ऐवजी ४.६ निघाला तर फ्रिक्वेन्सी दोन टक्क्यांहून जास्त, म्हणजे पन्नास मेगाहर्ट्झच्या वर खाली येते. आणि १.६ मिमी एफआर-४ वरच्या पॅचची सगळी बँडविड्थच दोन-तीन टक्क्यांची. आपल्या अँटेनाच्या खाली मात्र ग्राउंड नाही, बरंचसं क्षेत्र हवेत आहे, त्यामुळे त्याच फरकाने वीस-पंचवीस मेगाहर्ट्झ सरकले तर सरकले. शंभर मेगाहर्ट्झची चूक एफआर-४ च्या खात्यावर टाकता येत नाही.

बोर्डाच्या थरांचा घोळ मात्र नेहमीचा. दोन थरांचा बोर्ड चार थरांचा झाला आणि फीडची रेषा तशीच राहिली. ०.८ मिमीच्या बोर्डावर ५० ओहमसाठी दीड मिमी रुंद रेषा लागते, १.६ मिमीवर तीन मिमी. चार थरांत ग्राउंड ०.२ मिमी खाली आलं की तिथे साधारण ०.३५ मिमी पुरते. तीच दीड मिमीची रेषा ठेवली तर ती २० ओहमच्या आसपास उतरते. याहून वाईट म्हणजे आतल्या थरांतला तांब्याचा भराव. वरून-खालून अँटेनाची पट्टी मोकळी दिसते आणि आतून ग्राउंड पसरलेलं असतं. डिप सापडतच नाही, किंवा सापडला तर भलत्याच ठिकाणी. बोर्ड खिडकीच्या उजेडासमोर धरा. अँटेनाचा भाग पिवळसर पारदर्शक दिसला पाहिजे. काळोखा दिसला तर बोर्ड बाद, आणि पुढचं वाचायचं कारण नाही.

सिम्युलेशनचं खोटं बोलणं

सिम्युलेशन खोटं बोलत नाही, आपण त्याला अर्धीच गोष्ट सांगतो. एचएफएसएस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळी (गणितासाठी रचनेचे पाडलेले बारीक तुकडे) सुधारण्याची फ्रिक्वेन्सी २.४५ ठेवली, तर जाळीचे तुकडे २.४५ च्या तरंगलांबीला साजेसे पडतात आणि ५.५ ला तीच जाळी भरड ठरते. खालचा बँड बरोबर आणि वरचा दोनशे मेगाहर्ट्झने चुकलेला, असं असेल तर आधी हे पाहा. वरच्या बँडच्या फ्रिक्वेन्सीवर जाळी सुधारू द्या, किंवा दोन्हींवर. भोवतीची हवेची पेटी उलट खालच्या बँडच्या हिशेबाने हवी, अँटेनापासून सगळीकडे किमान ३१ मिमी. पुष्कळ जण पेटीसुद्धा ५.५ च्या मापाने ठेवतात आणि २.४ ची भिंतीशी कुस्ती होते.

ग्राउंड खऱ्या मापाचंच काढा. बॅटरी, यूएसबीचं धातूचं कवच, मॉड्यूलवरचं झाकण हे सगळे धातूचे ठोकळे म्हणून ठेवा, त्यांच्या आतलं काही काढायची गरज नाही. एफआर-४ चा लॉस टँजंट (पदार्थ किती शक्ती खातो त्याचा आकडा) ०.०२ भरा. तो शून्य ठेवला की कार्यक्षमता ९५ टक्के दिसते आणि लोक तो आकडा रिपोर्टात छापतात.

दोन हातांचं भांडण

इथवर सगळं तपासून झालं असेल तरच आता ब्लेड उचला.

लांब हात साधारण २४ मिमी आणि आखूड हात साधारण १० मिमी धरा. एफआर-४ मुळे पाव तरंगलांबीपेक्षा दोन्ही आखूड भरतात. लांब हातातला एक मिमी म्हणजे चार टक्के, सुमारे शंभर मेगाहर्ट्झ. आखूड हातातला एक मिमी म्हणजे दहा टक्के, चारशे-पाचशे मेगाहर्ट्झ. म्हणून वरच्या बँडवर ब्लेडची एक लहर सगळं वाया घालवते, आणि घरी एचिंग केलेल्या बोर्डावर कडेने ०.१ मिमी जास्त खाल्लं गेलं तरी वरचा डिप हलतो. एका वेळी लांब हात अर्धा मिमी, आखूड हात पाव मिमी, आणि प्रत्येक कापानंतर व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. अर्ध्या तासानंतर कुठला बोर्ड किती कापला ते कुणालाही आठवत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी लांब हात. तो बदलला की वरचा बँडही थोडा सरकतो, कारण दोन हात शेजारी आहेत आणि त्यांच्यात कपॅसिटन्स आहे. आखूड हात बदलला तर खालच्या बँडला त्याची फारशी खबर लागत नाही. उलट क्रमाने केलंत तर कुत्रं आपलीच शेपटी पकडायला फिरतं तसं होतं. पहिल्या बोर्डावर दोन्ही हात मुद्दाम एक-दीड मिमी लांब ठेवा. कापणं सोपं आहे, वाढवणं कटकटीचं. तांब्याच्या चिकटपट्टीचा गोंद बऱ्याचदा वीज वाहूच देत नाही, नुसती चिकटवून 'वाढवला' म्हणू नका, सोल्डर करा.

आता यातला खरा चकवा. ५.५ चा जो डिप तुम्ही आखूड हाताचा समजताय, तो लांब हाताचा असू शकतो. पाव तरंगलांबीच्या हाताला तिप्पट फ्रिक्वेन्सीलाही रेझोनन्स असतो. २.४५ ची तिप्पट ७.३५ होते, पण हात दुमडलेला असेल, नागमोडी असेल, टोक ग्राउंडजवळ आलं असेल, तर तो रेझोनन्स घसरत सहाच्याही खाली येतो. मग तुम्ही आखूड हात कापत राहता आणि डिप ढिम्म हलत नाही.

ओळखायची युक्ती अशी. टूथपिकच्या टोकाला तीन मिमी तांब्याची पट्टी गुंडाळा आणि ती हातांच्या वेगवेगळ्या जागी टेकवा. आखूड हाताच्या टोकाला टेकवल्यावर वरचा डिप धाडकन खाली गेला, तर तो आखूड हाताचाच. फारसा हलला नाही तर लांब हाताकडे चला. फीडपासून एक तृतीयांश अंतरावर टेकवलं की तिप्पटवाल्या रेझोनन्सचं व्होल्टेज तिथे सर्वांत जास्त असल्यामुळे वरचा डिप जोरात खाली येतो आणि खालचा थोडाच हलतो. दोन तृतीयांशावर टेकवलं की उलटं, तिथे वरच्याचं व्होल्टेज शून्य, वरचा हलत नाही आणि खालचा चांगलाच हलतो. ही खूण पटली की चोर सापडला.

आणि हा चोर कामालाही लावता येतो. आखूड हात काढून टाकून एकाच हातात दोन्ही बँड बसवता येतात. एक तृतीयांशाजवळ हात जरा रुंद करून ग्राउंडच्या जवळ आणायचा, की तिप्पटवाला ७.३५ वरून खाली येतो. दोन तृतीयांशावर हात बारीक करून नागमोडी केला तरी तेच होतं, कारण तिथे वरच्याचा करंट जास्त असतो. जागा वाचते. पण वरच्या बँडची तेरा टक्के रुंदी या वाटेने मिळवणं कष्टाचं, म्हणून मी स्वतः दोन हातांवरच राहिलो.

मॅचिंगने २.४ सुधारला, ५ मेला

फीडजवळ तीन भागांची जागा ठेवलेली असते, तिथे एक इंडक्टर घातला की २.४ चा डिप −८ वरून −२० ला जातो. सगळे खूश. मग कुणीतरी ५ मोजतो.

एक नॅनोहेन्री २.४५ ला १५ ओहमचा असतो, ५.५ ला तोच ३५ चा. एक पिकोफॅरड २.४५ ला ६५ ओहम, ५.५ ला २९. म्हणजे ग्राउंडकडे जाणारा कपॅसिटर आणि फीडच्या वाटेत घातलेला इंडक्टर दोन्ही वरच्या बँडला दुपटीहून जास्त टोचतात. नुसत्या एका भागाने एक बँड सुधारायचा आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे जमत नाही. ग्राउंडकडे जाणाऱ्या जागेवर इंडक्टर आणि कपॅसिटर समांतर लावा, अशा मूल्यांचे की जोडी ५.५ ला रेझोनन्समध्ये येईल. ५.५ ला ती जोडी जणू नाहीच आणि २.४५ ला इंडक्टरसारखी वागते. छोट्या भागांचा स्वतःचा रेझोनन्सही डेटाशीटमध्ये पाहून घ्या, कारण दहा नॅनोहेन्रीचे बरेच इंडक्टर साडेपाचला इंडक्टर राहिलेलेच नसतात. माझं मत विचाराल तर मॅचिंगला शेवटी हात लावावा. हातांची लांबी चुकलेली असताना भाग घालून डिप जागेवर आणला, तर तो अरुंद होतो आणि तोटा वाढतो.

डिप उत्तम, रेंज भिकार

−१० डेसिबल म्हणजे दहा टक्के शक्ती परत आली. −६ म्हणजे पंचवीस टक्के, तरी अँटेनाला पोचलेल्या शक्तीत तोटा सव्वा डेसिबलचाच. छोट्या अँटेनात −६ ला पुष्कळ लोक समाधानी असतात आणि त्यांचं काही चुकत नाही. उलट ५० ओहमचा रेझिस्टर −३० दाखवतो आणि काहीच प्रसारित करत नाही. एस११ फक्त एवढंच सांगतं की शक्ती परत आली नाही. ती हवेत गेली की एफआर-४ तापवण्यात, ते सांगत नाही.

प्रयोगशाळेतली महागडी खोली नसेल तर स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घ्या. व्हीलर यांनीच १९५९ मध्ये सुचवलेली पद्धत आहे. अँटेना आधी मोकळ्या हवेत मोजा, मग धातूच्या डब्यात, झाकणाला भोक पाडून, केबलची जाळी भोकाच्या कडेला टेकवून. डब्याची भिंत अँटेनापासून तरंगलांबी भागिले २π एवढ्या अंतरापर्यंत असावी, २.४५ ला ते १९.५ मिमी येतं. डब्यात प्रसारण बंद, तेव्हा तिथे जी शक्ती हरवते ती तोट्यात. मोकळ्यात −१५ आणि डब्यात −२ मिळालं तर हिशेब असा: परावर्तित शक्ती ०.०३ आणि ०.६३, फरक ०.६०, त्याला ०.९७ ने भागलं की कार्यक्षमता ६२ टक्के. अशा बोर्डाला हे चांगलं आहे. डब्यातही −१२ च राहिलं, तर तुमच्याकडे अँटेनाच्या आकाराचा रेझिस्टर आहे. ८० मिमी व्यासाचा डबा २.४ ला चालतो, पण तीन गिगाहर्ट्झच्या जवळ डबा स्वतःच वाजायला लागतो, त्यामुळे ५ चे आकडे त्यात काढू नका.

बॉक्स

एबीएसची दोन मिमीची भिंत अँटेनापासून एक-दोन मिमीवर आली की दोन्ही डिप अडीच-तीन टक्के खाली येतात. म्हणून अँटेना उघड्यावर २.४५ ला ट्यून करणं ही मूळ चूक. आधी बॉक्समध्ये मोजा, किती खाली येतो ते लिहा आणि उघड्यावर तेवढाच वर ठेवा. पहिला बॉक्स तयार नसेल तर त्याच प्लॅस्टिकचा तुकडा त्याच अंतरावर धरूनही अंदाज येतो. काळ्या प्लॅस्टिकबद्दल सावध राहा, रंगासाठी काजळी जास्त घातलेली असेल तर ते नुसतं सरकवत नाही, गिळतंही. बॅटरीचं पाकीट दुहेरी चिकटपट्टीवर दोन मिमी इकडे-तिकडे बसत असेल, तर प्रत्येक नगाची फ्रिक्वेन्सी वेगळी येईल आणि तुम्ही बोर्डवाल्याला दोष द्याल. बॅटरीला खाच द्या. शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरसारखं सगळं इपॉक्सीत बुडवणार असाल, तर वरचे टक्के विसरा. अँटेना पूर्ण बुडाला की फ्रिक्वेन्सी शेकडो मेगाहर्ट्झने खाली येते, तिथे सिम्युलेशनच इपॉक्सीसकट नव्याने करावं लागतं.

माझा चौथा बोर्ड उघड्यावर २.५२ आणि ५.६८ ला येतो, बॉक्समध्ये बॅटरीसकट २.४५ आणि ५.५२ ला. पहिल्या खेपेत तपासणीच्या टेबलावरच्या मुलाने २.५२ पाहून चाळीस नग नापास करून बाजूला ठेवले होते. तेव्हापासून बोर्डावर अँटेनाशेजारी, सोल्डर मास्कवरच्या पांढऱ्या अक्षरांत, छापलेलं असतं: 'उघड्यावर २.५२'.